जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरील आपली नावे

सहल म्हटली की आजकालच्या मुलांच्या डोळ्यांपुढे आधी वॉटर पार्क येतो, नाहीतर लोणावळ्याचा धबधबा आणि चिक्की. त्यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना दुसरे काही दाखवलेच नाही. पिंपरी-चिंचवड भागातील आपली कितीतरी कुटुंबे जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने रोज कामावर जातात-येतात. एसटीच्या किंवा लोकलच्या खिडकीतून डोंगर दिसतात, त्या डोंगरांत काळी भोके दिसतात, आणि आपण मान वळवून पुन्हा डुलकी घेतो. ती भोके म्हणजे आपल्या धम्माची घरे आहेत, हे मलाही चाळिशी उलटेपर्यंत पुरतेपणी ठाऊक नव्हते.

यंदा जानेवारीत आमच्या विहाराच्या महिला मंडळाने ठरवले की, एका रविवारी याच रस्त्याने धम्मसहल काढायची. देहूरोडपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत जायचे आणि रात्री घरी परतायचे. माणशी साडेतीनशे रुपये वर्गणी, जेवणाचा डबा ज्याचा त्याचा. मुलेबाळे धरून आम्ही चोवीस जण झालो. आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते, धम्मलिपीच्या वर्गाला जाऊन अक्षरे वाचायला शिकलेला एक तरुण होता, विहार समितीचे सचिव होते आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई होती.

सहलीचा हिशेब माझ्याकडे होता. विहाराच्या बांधकामाचा हिशेबही माझ्याकडेच असतो. बी.कॉम. झाल्यापासून दिवसा कचेरीत आणि संध्याकाळी विहारात, आकडे मांडणे हेच माझे काम. आमच्या विहाराचे बांधकाम आता पूर्ण होत आले आहे. दात्यांची नावे संगमरवरी फलकावर कोरायची आहेत. समितीने ठराव केला की, पाच हजार रुपये किंवा त्याहून अधिक देणाऱ्यांचीच नावे फलकावर घ्यावीत. फलकाला जागा कमी, आणि कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. पावतीपुस्तकात चारशे बारा पावत्या आहेत. त्यांपैकी पाच हजारांच्या वरच्या फक्त एकोणीस. बाकीच्या एकवीस, एक्कावन्न आणि एकशे एक रुपयांच्या. ठरावावर माझीही सही आहे. त्या दिवशी मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी रस्त्यावर जे पाहिले त्याचा या ठरावाशी संबंध आहे.

देहूरोडची धम्मभूमी

सकाळी सात वाजता पिंपरी चौकातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला पुष्पहार अर्पण करून आम्ही निघालो. डोक्यावरून मेट्रोचा पूल गेला आहे, रस्त्याला बाजूचे रस्ते फुटले आहेत, पण रस्ता तोच. चिंचवड, आकुर्डी, निगडी मागे टाकून अर्ध्या तासात देहूरोडला पोहोचलो.

देहूरोड ही लष्कराची वसाहत. येथील डेपोत कामाला असलेल्या आपल्या माणसांनी आणि आसपासच्या वस्त्यांनी येथे बुद्धविहार उभारले. दि. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या हस्ते येथे तथागतांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी या रस्त्याच्या कडेला बुद्धमूर्ती बसली होती. बुद्धाचा धम्म साध्या भाषेत सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे बाबासाहेबांनी येथील भाषणात सांगितले. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मूळचा बुद्धच, हे आपण सिद्ध करू, असेही ते येथे बोलले. गुरुजींनी मुलांना तारखेकडे लक्ष द्यायला सांगितले. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, ती तारीखही २५ डिसेंबरच. सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला येथे मूर्ती बसली. जाळण्याचे काम आणि उभारण्याचे काम, दोन्ही एकाच दिवशी.

त्रिसरण-पंचशील झाले. मग एका मुलाने आईला विचारले, "आजी, बाबासाहेब कुठे उभे होते? कसे दिसत होते?"

हा प्रश्न येणारच होता. माझे आजोबा, आईचे वडील, देहूरोडच्या डेपोत हमाल होते. १९५४ साली आई सात वर्षांची होती. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या वस्तीत आईला पुढच्या खुर्चीवर बसवतात. 'बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या आजी' म्हणून शाल देतात. पत्रकावर तसे छापतात. ती पत्रके मीच लिहिलेली.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाळा, म्या त्यास्नी पाहिलं न्हाई."

मला वाटले, तिला ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "आले हुते म्या. आबांच्या खांद्यावर बसून आले हुते. पर निस्ती गर्दी, धुरळा. मला झोप लागली. जागी झाले तवा मानसं घराकडं निघाली हुती."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"म्या म्हनले हुते, देहूरोडला गेले हुते. पाहिलं म्हनून तूच लिवलंस. मग लोक पाया पडाया लागले. सांगायचं ऱ्हाऊनच ग्येलं. पर आता पंचशील घेतलं न्हवं? हितं बसून त्या पोराला खोटं कसं सांगू?"

सगळे गप्प झाले. मला लाज वाटली ती आईची नव्हे, माझी. कचेरीत एका रुपयाचा फरक आला तर मी रात्री आठपर्यंत बसून तो शोधते. आणि घरातल्या या गोष्टीची मी कधी खातरजमा केली नव्हती. आपल्याला साक्षीदार हवा होता म्हणून आपण तिला साक्षीदार केले.

आई मात्र मोकळी झाल्यासारखी उठली. भिंतीशी जाऊन न्याहाळू लागली. म्हणाली, "आबांनी इहाराला दोन रुपय दिलं हुतं. आमची आय त्यांच्यासंगं भांडली हुती, घरात पीठ न्हाई म्हनून. ते मला चांगलं ध्येनात हाय. त्यांचं नाव हितं कुठं असंल का गं?"

आम्ही शोधले. आबांचे नाव सापडले नाही.

घोरावडेश्वर : शेतकऱ्याच्या घरधनिणीचे लेणे

देहूरोडहून तळेगावकडे निघाले की रस्त्याच्या कडेला शेलारवाडीचा डोंगर लागतो. लोक याला घोरावडेश्वर म्हणतात. संत तुकाराम महाराज चिंतनासाठी ज्या डोंगरांवर जात, त्यात भंडारा आणि भामचंद्र यांच्याबरोबर याचेही नाव घेतले जाते. वर महादेवाचे देऊळ आहे आणि भाविकांची गर्दी असते. पण देऊळ ज्या गुहेत आहे, ती गुहा बौद्ध लेण्यांपैकी आहे. येथे भिक्खू वर्षावास करीत. चढण दमवणारी असल्याने आई एका ताईंबरोबर खालीच थांबली.

वर आमच्या तरुणाने मुलांना या लेण्यातील एका शिलालेखाची माहिती दिली. येताना त्याने त्याची नक्कल वहीत करून आणली होती. त्याचा आशय असा : धेनुकाकट गावी राहणारा, नांगर धरणारा शेतकरी उसभणक. त्याची घरधनीण सियागुतनिका. तिने आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणे दान दिले.

एवढेच. ना राजा, ना राणी. लेख तिचा आहे, नवऱ्याचे नाव ओळखीपुरते आले आहे. दान देणारी ती, आणि सोबत मुलगा. दानाला शब्द वापरला आहे 'देयधंम'. गुहेला शब्द वापरला आहे 'लेण'. आपण आजही लेणेच म्हणतो. मुलांना याची फार गंमत वाटली. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई आपल्याच तोंडातला शब्द बोलत होती.

आपल्याला नेहमी असे सांगण्यात येते की लेणी राजांनी खोदली. शाळेच्या पुस्तकात राजांची नावे असतात. आणि राजाने केले नसेल तर मग पांडवांनी एका रात्रीत केले. गावोगावच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात ते त्यामुळेच. नांगर धरणाऱ्याच्या बायकोने दिले असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. ते दगडावर लिहिलेले असूनही येत नाही.

खाली उतरल्यावर मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, "शेतकऱ्याची बायकू व्हय? मंग तिचं नाव ऱ्हायलं म्हनायचं. बरं झालं."

तळेगाव आणि वडगाव

तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचा बंगला आहे. बाबासाहेब येथे येऊन राहत. तेथे थांबून अभिवादन केले. मुंबई-दिल्लीच्या धावपळीतील माणसाला मावळची ही मोकळी हवा का आवडली असेल, ते अंगणात उभे राहिल्यावर समजते. पुढे वडगाव. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला येथे गाठले आणि इंग्रजांना तह करणे भाग पडले. महादजी शिंदे यांचे स्मारक गाडीतूनच पाहिले. कामशेत मागे टाकून दीड वाजता कार्ले फाट्याजवळ एका झाडाखाली डबे सोडले. भाकरी, पिठले, ठेचा, कुणाच्या डब्यात अंडाकरी. वॉटर पार्कचा हट्ट धरणारी दोन मुले सर्वांत जास्त जेवली, हे येथे नोंदवले पाहिजे.

कार्ल्याचे चैत्य

कार्ल्याचा डोंगर म्हणजे या रस्त्याचा मुकुटमणी. तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. निम्म्या वाटेपर्यंत गाडी जाते. आई म्हणाली, हे मात्र बघणार. एकेका टप्प्यावर टेकत ती वर आली.

वर आल्यावर प्रथम एकवीरा आईचे देऊळ दिसते. आपले कोळी बांधव आणि इतर अनेक समाज येथे मोठ्या श्रद्धेने येतात. देवळाच्या रांगेत शेकडो माणसे होती आणि शेजारच्या चैत्यात पंधरा-वीस. यात रागावण्यासारखे काही नाही. रांग लावणाऱ्यांना आपल्या देवीची ओळख आहे. आपल्यालाच आपल्या चैत्याची ओळख नाही.

दारापुढे सिंहस्तंभ आहे. वर चार सिंह. मुलांनी लगेच खिशातले नाणे काढून ताडून पाहिले. नाण्यावरचे सिंह सारनाथच्या अशोकस्तंभाचे. पण हेही त्याच परंपरेतले. हा स्तंभ महारठी अग्निमित्रणक याने दिला, असे त्यावर लिहिले आहे.

आत गेल्यावर बोलणेच थांबते. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी ४५ फूट, उंची ४६ फूट. सगळे एका दगडात आतून कोरत नेलेले. एकूण सदतीस खांब. शेवटी स्तूप, आणि त्यावर लाकडाची छत्री. छताला लाकडाच्या कमानी आहेत. हे लाकूड मूळचे, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांचे आहे. दारावरच्या भव्य कमानीतून येणारा उजेड सरळ स्तूपावर पडतो. मूळ चैत्यात बुद्धमूर्ती नव्हती. वंदना स्तूपालाच होत असे. दर्शनी भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या नंतरच्या काळात कोरलेल्या.

हे चैत्य वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या शेठने पूर्ण करविले. जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह, असे त्याने पडवीतल्या लेखात अभिमानाने लिहून ठेवले आहे. पण आमच्या तरुणाने आम्हाला मोठ्या लेखापाशी फार वेळ थांबवले नाही. तो खांबाखांबाने हिंडवू लागला, आणि दर थोड्या वेळाने एकेक नाव सांगू लागला.

हा खांब धेनुकाकटच्या एका यवनाचा. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला परका माणूस. त्यानेही येथे खांब दिला. हा खांब सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या धम्म सांगणाऱ्याचा. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. तेथून हा माणूस घाट चढून येथवर आला. दार सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी वस्तू विकणाऱ्याने दिले. ही कठड्याची नक्षी कोडी नावाच्या भिक्खुणीचे दान. तिची ओळख काय लिहिली आहे? घुणिकाची आई. आणि ते काम कोणी केले? नंदिकाने केले, असेही तेथेच लिहिले आहे. दाराचे काम वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने केले, हेही लिहिले आहे.

हे ऐकून मी तेथेच बसले. ज्याने पैसे दिले त्याचे नाव आहे, आणि ज्याचे हात चालले त्याचेही आहे. शेठ आहे, परका आहे, सुतार आहे, घर सोडून भिक्खुणी झालेली एक आई आहे. हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारखीच्या डोळ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. या खांबांवर नाव आहे, गाव आहे, कुणाचा मुलगा, कुणाची आई हे आहे. रक्कम कुठेच नाही.

रखवालदाराला विचारून आम्ही हळू आवाजात बुद्धवंदना म्हटली. आवाज छताला जाऊन परत खाली येत होता. आई स्तूपाकडे तोंड करून हात जोडून उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आबांनी हे पाहिलं असतं तर दोन रुपयाबद्दल आय भांडली नसती."

भाजे पुढच्या वेळी

मळवली स्टेशनच्या पलीकडे, कार्ल्याच्या जवळजवळ समोर, भाजे लेणी आहेत. वेळ नव्हता म्हणून ती सोडली; पण तुम्ही सोडू नका. ती कार्ल्याहूनही जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील. बावीस लेणी आहेत. तेथे चौदा स्तूपांचा समूह आहे, आणि त्यांपैकी काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे होऊन गेलेल्या भिक्खूंची आठवणही संघाने नावानिशी जपली होती.

इतकी लेणी याच रस्त्याला का, असे मुलांनी विचारले. उत्तर सोपे आहे. मुंबई-पुणे हा रस्ता इंग्रजांनी पहिल्यांदा शोधलेला नाही. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून माल बोरघाट चढून वर येई आणि पुढे पैठण, तेरकडे जाई. त्या वाटेवर व्यापारी, बैलांचे तांडे, कारागीर यांची ये-जा असे. भिक्खू या वाटेच्या कडेला राहिले. वाटसरूला आसरा मिळाला, धम्म ऐकायला मिळाला, आणि वाटसरूंच्या दानातून लेणी झाली.

घाटातला शिंग्रोबा

पाच वाजता खंडाळा ओलांडून जुन्या घाटात उतरलो. येथे वळणावर शिंग्रोबाचे लहानसे देऊळ आहे. ड्रायव्हर मंडळी गाडी हळू करून नाणे टाकतात. आमच्याही ड्रायव्हरने टाकले. सांगतात ते असे की, इंग्रजांना घाटाची वाट सापडत नव्हती. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या पायाखालची वाट त्यांना दाखवली, आणि काम झाल्यावर इंग्रजांनी त्यालाच मारले. ही दंतकथा आहे. तिला कागदाचा आधार मागू नये. पण लोकांनी ती धरून ठेवली आहे, त्यामागे काहीतरी कारण असले पाहिजे.

कागदावर आहे ते असे. बोरघाटातला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. घाटातील रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी धावली. बोगदे, पूल, कडे फोडणे, सगळे हाताने आणि सुरुंगाने. अपघातांत आणि पटकीच्या साथीत हजारो मजूर मेले. गव्हर्नरांची, इंजिनियरांची, कंत्राटदारांची नावे इतिहासात आहेत. त्या हजारोंची नाहीत. घाटातला जुना पूल, ज्याला लोक अमृतांजन पूल म्हणत, तो एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडला. त्याचे फोटो सर्व वर्तमानपत्रांत आले. तो कोणाच्या हातांनी उभा राहिला होता, हे त्यांतही नव्हते.

एका मुलीने विचारले, "काकू, इथे सुताराचे नाव का नाही लिहिले?" सकाळपासून ती नावे मोजत होती. देहूरोडला शोधले, शेलारवाडीला ऐकले, कार्ल्याला पाहिले. येथे तिला रिकामी जागा दिसली. मुलांना दाखवले तर मुलांना दिसते.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी

गाडी करणे परवडत नसेल तर पुणे-लोणावळा लोकलने जावे. देहूरोड, घोरावाडी, तळेगाव, मळवली ही सगळी स्टेशने याच मार्गावर आहेत. मळवलीला उतरले की एका दिवसात भाजे आणि कार्ले दोन्ही होतात. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तुडुंब गर्दी असते, हिवाळा बरा. वृद्धांना कार्ल्याला नेता येते, मात्र घाई करू नये. पाणी आणि डबा बरोबर घ्यावा, कचरा पिशवीतून परत आणावा. अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू घासू नये, हात लावू नये, स्तूपाजवळ मेणबत्ती लावू नये. दोन हजार वर्षे टिकलेले अक्षर आपल्या श्रद्धेने पुसले जाऊ नये. जाण्यापूर्वी घरी एक संध्याकाळ काढून मुलांना धम्मलिपीची पाच-दहा अक्षरे शिकवावीत. दगडावर ओळखीचे अक्षर सापडले की मूल तेथून हलत नाही.

परतीच्या वाटेवर

अंधार पडल्यावर परत निघालो. मी सचिवसाहेबांच्या शेजारी जाऊन बसले आणि फलकाचा विषय काढला. चारशे बारा नावे कोरावीत, आणि रक्कम एकाचीही कोरू नये, असे मी म्हटले.

ते विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी लगेच हो म्हटले नाही. "ताई, कार्ल्याला खांब देणारे काही एकवीस रुपयेवाले नव्हते. खांब द्यायला पैसा लागतो. आणि ज्यांनी मोठी रक्कम दिली, त्यांच्यामुळेच आपला स्लॅब पडला. त्यांना काय वाटेल?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही. खांब देणे लहान गोष्ट नव्हे, हे मलाही कळते. भूतपाल शेठ नसता तर चैत्य पुरे झाले नसते. पण त्याच चैत्यात शेठच्या नावाबरोबर सुताराचे नाव आहे, आणि त्यामुळे शेठचे नाव लहान झालेले नाही. आज दोन्ही नावे एकाच आदराने वाचली जातात. शिवाय पाच हजार देणाऱ्याकडे पाच हजार होते. घरात पीठ नसताना दोन रुपये देणाऱ्या माणसाने किती दिले, हे कोणत्या खातेवहीत मांडता येईल? मी इतकी वर्षे जमा-खर्च लिहिते, मला तो रकाना सापडलेला नाही.

सचिवसाहेब म्हणाले, खर्चाचा अंदाज काढा. मी घरी जाऊन काढला. संगमरवराऐवजी साधा काळा कडाप्पा घेतला आणि अक्षर थोडे लहान केले, तर चारशे बारा नावे दोन फलकांत बसतात. खर्च वाढतो, पण फार नाही. पुढच्या महिन्याच्या सभेत मी पहिल्या ठरावावरची माझी सही मागे घेऊन दुसरा ठराव मांडणार आहे. विरोध होईल. कदाचित ठराव पडेलही. पडला तर मी चारशे बारा नावे माझ्या हाताने वहीत लिहून ती वही विहाराच्या कपाटात ठेवणार आहे. पावतीपुस्तके वाळवीने खाल्ली तरी नावे राहिली पाहिजेत.

दुसरे एक काम मी लगेच केले. १४ एप्रिलच्या पत्रकाचा मसुदा माझ्याकडे होता. त्यात आईच्या नावापुढची 'बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या' ही ओळ मी काढली. तिच्या जागी लिहिले, 'देहूरोडच्या विहारासाठी दोन रुपये देणाऱ्या डेपोतील हमालाची मुलगी.' आईला वाचून दाखवले. तिने विचारले, "आता शाल देतील का गं?"

मी म्हटले, "माहीत नाही."

ती म्हणाली, "न देऊ देत. हे खरं हाय."

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातील वृद्धांना एकदा या रस्त्याने घेऊन जा. त्यांना आठवते ते, जेवढे आठवते तेवढेच, लिहून घ्या. त्यात आपल्या पदरचे काही घालू नका. आणि तुमच्या विहारात फलक लागणार असेल, तर त्याआधी एकदा कार्ल्याचे खांब पाहून या.

नमो बुद्धाय! जय भीम!